कायदा आणि रसायनशास्त्र दोन्ही शिकायचं असेल, तर प्रयोगशाळा सोडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आहे, रसायनशास्त्र मनापासून आवडतं आणि कायद्याचीही तितकीच ओढ आहे. दोन्ही एकत्र शिकणं शहाणपणाचं ठरेल का? कारण आजूबाजूचे लोक सांगतात की अशानं माणूस ना धड शास्त्रज्ञ होतो, ना धड वकील.

मी आधी रसायनशास्त्र शिकलो, मग कायदा. माझं बहुतेक काम औषधांच्या पेटंटांचं, जोडीला रसायनांच्या नोंदणीचं, आणि अधूनमधून प्रयोगशाळेच्या अहवालावर उभ्या असलेल्या खटल्यांचं. त्या आधारावर सांगतो: दोन्ही जरूर शिका. मात्र रसायनशास्त्र प्रयोगशाळेत उभं राहून शिका. कायद्याचा बराचसा भाग पुढे कामाच्या ओघात, निकाल वाचत, वरिष्ठांच्या हाताखाली शिकता येतो. टायट्रेशनमधला शेवटचा थेंब, अपेक्षेशी न जुळणारा स्पेक्ट्रम, तीच कृती तीनदा करूनही वेगवेगळं येणारं यील्ड (मिळालेल्या पदार्थाचं प्रमाण), यांतून जी समज अंगात मुरते ती नंतर वाचून भरून निघत नाही. आणि दोन्ही विषयांच्या सांध्यावर काम करणाऱ्याला नेमकी हीच समज लागते.

हे विषय एकमेकांना कुठे भेटतात, असं विचारलं की बहुतेक जण 'पेटंट' म्हणून थांबतात. पेटंटाकडे येतोच. पण भेट त्याच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांना आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं कॉफीच्या नमुन्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून आर्सेनिकचा पिवळा साका, म्हणजे तळाशी बसणारा घन पदार्थ, मिळवला. चाचणी बरोबर होती. पण ज्यूरीसमोर तो साका येईपर्यंत बिघडून गेला होता आणि आरोपी सुटला. मार्शनं हा पराभव रसायनशास्त्राचाच प्रश्न मानला आणि १८३६ मध्ये नवी चाचणी प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा आर्सिन वायू तापवायचा, म्हणजे काचेवर आर्सेनिकचा चकचकीत थर बसतो. तो टिकतो, दाखवता येतो. न्यायालयात पुरावा काही दिवसांनी, परक्या लोकांसमोर, विरोधी पक्षाच्या नजरेखाली टिकला पाहिजे, या गरजेतून विश्लेषणाची एक पद्धत जन्माला आली.

याची दुसरी बाजू १८५९ च्या स्मेथर्स्ट खटल्यात दिसते. आल्फ्रेड स्वेन टेलर हे त्या काळचे इंग्लंडमधले सर्वात नावाजलेले विषतज्ज्ञ. त्यांना एका नमुन्यात आर्सेनिक सापडलं. नंतर कळलं की ते चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आलं होतं, आणि टेलर यांना ते न्यायालयात मान्य करावं लागलं. तरीही आरोपी दोषी ठरला, फाशीची शिक्षा झाली, आणि फेरतपासणीनंतरच माफी मिळाली. पदवीच्या पहिल्या वर्षात 'ब्लँक' चालवायला सांगतात, म्हणजे नमुना न घालता तीच सगळी कृती करायची. विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. ज्यानं स्वतः ब्लँक चालवून त्यात नको तो सिग्नल पाहिला आहे, तो वकील अहवाल हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारतो: ब्लँकचा निकाल कुठे आहे? नुसता कायदा शिकलेला माणूस अहवालाखालची सही आणि शिक्का पाहतो.

हा प्रश्न जुन्या काळात राहिलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मेलेन्डेझ-डायझ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की फौजदारी खटल्यात प्रयोगशाळेचं नुसतं प्रमाणपत्र पुरेसं नाही, आरोपीला विश्लेषकाची उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे. हा खटला मॅसॅच्युसेट्स राज्यातला. त्याच राज्यात २०१२ मध्ये उघड झालं की अमली पदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ नमुने न तपासताच निकाल लिहीत होती. २०१७ मध्ये तिच्या कामाशी जोडलेले २१,००० हून जास्त खटले रद्द झाले. त्या आरोपींच्या वकिलांपैकी किती जणांना क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्रानं काढलेला घटकांचा मूळ आलेख, मागून घेण्याचं सुचलं असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. एका विश्लेषकाच्या नावावर इतक्या थोड्या वेळात इतके नमुने कसे, हा संशय प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला आकडे पाहूनच यायला हवा.

आता वजनाचा प्रश्न घ्या, कारण दोन्ही विषयांची विचारपद्धती किती वेगळी आहे ते इथे लख्ख दिसतं. पकडलेल्या पावडरीत अमली द्रव्य फक्त चार टक्के असेल, बाकी साखर असेल, तर शिक्षा कशाच्या वजनावर ठरवायची? रसायनाचा विद्यार्थी बिनदिक्कत सांगेल की शुद्ध द्रव्याच्या. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये मायकेल राज खटल्यात तसंच म्हटलं होतं. २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते फिरवलं: मिसळलेल्या निष्क्रिय पदार्थासह पूर्ण वजन धरायचं. अमेरिकेत १९९१ च्या चॅपमन खटल्यात हाच मुद्दा टोकाला गेला. एलएसडीचे हजार डोस टीपकागदावर होते. द्रव्य सुमारे ५० मिलिग्रॅम, कागदासह वजन ५.७ ग्रॅम. किमान पाच वर्षांच्या शिक्षेची मर्यादा १ ग्रॅम होती, आणि न्यायालयानं कागद वजनात धरला.

रसायनशास्त्राच्या नजरेनं हे चमत्कारिक वाटतं. मलाही चॅपमनचा निकाल पटत नाही. पण तो चुकीचा का आहे हे न्यायालयाला सांगायचं असेल तर 'शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य' एवढं म्हणून भागत नाही. कायदेमंडळानं 'मिश्रण' असं का लिहिलं, बाजारात द्रव्य मिश्रणाच्या रूपातच फिरतं का, हानी कशातून होते, हे प्रश्न कलमाच्या शब्दांतून सोडवावे लागतात. कायदा शिकल्यावर हे कळतं की नियम लिहिणाऱ्याला सोयीची, सर्वांना लागू पडणारी रेषा हवी असते आणि ती निसर्गातल्या रेषेवर पडेलच असं नाही. रसायनशास्त्र शिकल्यावर हे कळतं की ती रेषा कुठे सरकली आहे आणि त्यामुळे कोणाचं नुकसान होतं. दोन्ही कळणारा माणूस या जागी खरोखर उपयोगी पडतो.

मापनातल्या अनिश्चिततेचंही तसंच. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे आणि अहवाल ५२ म्हणतो, असं समजा. पद्धतीची अनिश्चितता अधिक-उणे ३ असेल, तर त्या आकड्यातून मर्यादा ओलांडल्याचं नि:संशय म्हणता येत नाही. हे गणित अवघड नाही. पण अहवालात ती अनिश्चितता बहुधा छापलेली नसते, ती मागावी लागते, आणि मागायची असते हे ठाऊक असावं लागतं.

आता पेटंट. इथे रसायनशास्त्राला मोठा मान आहे आणि त्यामागे कारण आहे. रासायनिक पेटंटाचे दावे वाचणं ही वेगळीच विद्या आहे. एका मूळ सांगाड्यावर आर-१, आर-२ अशा जागा, आणि प्रत्येक जागी 'पुढील गटातून निवडलेला' असा पर्यायांचा संच. याला मार्कुश दावा म्हणतात. युजीन मार्कुश या रसायनतज्ज्ञाच्या पेटंटामुळे १९२४ पासून ही रचना रूढ झाली. अशा एका दाव्यात लाखो संयुगं मावतात, आणि त्यांतली प्रत्यक्ष बनवलेली मूठभरच असतात. प्रश्न येतो: या जागी मिथाइल ऐवजी ट्रायफ्लुओरोमिथाइल घातलं तर गुणधर्म तसेच राहतील असं या क्षेत्रातल्या जाणकाराला वाटलं असतं का? याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसतं. इलेक्ट्रॉन कुठे खेचले जातात हे डोळ्यांसमोर यावं लागतं.

दोन खटले प्रत्येक विद्यार्थ्यानं मुळातून वाचावेत असं मला वाटतं. पहिला नोव्हार्टिसचा, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल. औषध इमॅटिनिब मेसिलेट, रक्ताच्या एका कर्करोगावरचं, प्रश्न त्याच्या बीटा नावाच्या स्फटिकरूपाचा. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं की ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढत असेल तरच पेटंट. कंपनीनं दाखवलं की बीटा रूप अधिक चांगलं वाहतं, अधिक स्थिर आहे, ओलावा कमी शोषतं. कारखान्यात गोळ्या बनवणाऱ्याला विचारा, या तिन्ही गोष्टी फार मोलाच्या आहेत. न्यायालयानं मात्र म्हटलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरची परिणामकारकता, आणि या गुणांचा तिच्याशी संबंध नाही. जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात पोचणाऱ्या औषधाचं प्रमाण, ३० टक्क्यांनी वाढते हा मुद्दाही, त्यातून उपचारात काय फरक पडतो याचा पुरावा नसल्यामुळे, टिकला नाही. निकाल वाचताना पाहा: कोणता आकडा कशाशी तुलना करून दिला आहे? ती ३० टक्के वाढ मुक्त बेसशी, म्हणजे क्षार न बनवलेल्या मूळ इमॅटिनिबशी, तुलना करून होती, आणि न्यायालयाच्या मते ज्ञात पदार्थ होता त्याचा मेसिलेट क्षार. तुलनेसाठी कोणता पदार्थ निवडायचा, हा प्रश्न प्रयोग आखणाऱ्याला रोज पडतो. इथे खटल्याचा मोठा भाग त्यावर फिरला.

दुसरा खटला ब्रिटनमधला, एस्सिटालोप्रामचा, २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाली काढलेला. सिटालोप्राम हे नैराश्यावरचं रेसिमिक औषध, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रेणूंचं समान मिश्रण, ज्ञात होतं. त्यात असे दोन रेणू, म्हणजे एनॅन्शिओमर, आहेत हेही कोणालाही सांगता आलं असतं. अडचण ते वेगळे करण्याची होती. लुंडबेक कंपनीला वेगळं करण्याची एक वाट सापडली, आणि तिनं त्या वाटेपुरतं न थांबता वेगळ्या झालेल्या एनॅन्शिओमरवरच पेटंट मागितलं. ते टिकलं. हे न्याय्य आहे का, यावर अजूनही जोरदार मतभेद आहेत. ज्यानं रेसिमिक मिश्रण वेगळं करण्याचा प्रयत्न केला आहे, आठवडे घालवून स्फटिक न पडल्याचं पाहिलं आहे, त्याचं मत या वादात वजनदार असतं, कारण 'जाणकाराला सहज जमलं असतं' या वाक्याची खरी किंमत त्याला माहीत असते.

नियमनाचं क्षेत्र मी थोडक्यात सांगतो, पण नोकऱ्या तिथे भरपूर आहेत आणि विद्यार्थ्यांचं तिकडे लक्ष जात नाही. युरोपीय संघाचा रसायनांच्या नोंदणीचा 'रीच' नियम १ जून २००७ पासून लागू झाला. वर्षाला १ टन किंवा जास्त पदार्थ बनवणाऱ्या वा आयात करणाऱ्याला माहितीसह नोंदणी करावी लागते, माहिती नसेल तर बाजार बंद. मुख्य घटक ८० टक्के किंवा अधिक असेल तर तो एकघटकी पदार्थ मानतात. मग ७८ टक्क्यांचं काय, अशुद्धी कशाला म्हणायचं, यावर पानंच्या पानं पत्रव्यवहार चालतो. रासायनिक अस्त्रबंदी करार १९९७ मध्ये अमलात आला. त्याच्या परिशिष्टांत थायोडायग्लायकॉल आहे, जे शाईतही लागतं आणि मस्टर्ड वायू या रासायनिक अस्त्राच्या निर्मितीतही. फॉस्जीन आहे, ज्याशिवाय पॉलियुरेथेनचा उद्योग अडतो. एखाद्या कारखान्याची खरेदी यादी पाहून कुठे प्रश्न विचारायचा हे कळणारा माणूस दुर्मीळ असतो.

आता शिकायचं कसं. यात प्रत्येक देशाची चौकट वेगळी आहे आणि ती प्रवेशाआधी नीट वाचा. ऑस्ट्रेलियात विज्ञान आणि कायदा अशी जोडपदवी रुळलेली आहे, साधारण पाच वर्षं किंवा जास्त. अमेरिकेत कायदा पदवीनंतरच शिकतात, त्यामुळे आधी रसायनशास्त्र घेणं सरळ आहे. इंग्लंडमध्ये कोणत्याही विषयातला पदवीधर पुढे सॉलिसिटर होण्याच्या परीक्षा देऊ शकतो. भारतात पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी किंवा शालेय शिक्षणानंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम असे दोन मार्ग आहेत. वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या नियमित पदवीबरोबर दुसरी नियमित पदवी एकाच वेळी करता येत नाही. काही विधी विद्यापीठांत बीएस्सी आणि एलएलबी एकत्र असतं. तिथे प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाचं पत्रक मागवा आणि प्रात्यक्षिकाचे तास मोजा. सेंद्रिय, भौतिक आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्र प्रयोगासह नसेल, तर ते विज्ञान पुढच्या कामाला पुरणार नाही.

मला स्वतःला क्रमानं शिकणं जास्त आवडतं: आधी रसायनशास्त्राची पूर्ण पदवी, जमलं तर संशोधनाचा एखादा प्रकल्प, मग कायदा. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांचा मार्ग हाच होता हे फार जणांना माहीत नसतं. ऑक्सफर्डमध्ये त्या डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली क्ष-किरण स्फटिकशास्त्रावर काम करून रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या, काही वर्षं उद्योगात संशोधक होत्या, आणि १९५३ मध्ये बॅरिस्टर झाल्या. जोडपदवीतच शिकायचं ठरलं तर एक धोका आधीच सांगतो. प्रयोगशाळेची दुपार ठरलेली असते, तिला उशीर चालत नाही. कायद्याचं वाचन मात्र कितीही पसरतं. दोन्हींच्या कात्रीत विद्यार्थी प्रयोगाचा अहवाल घाईत उरकतात, कारण निकाल वाचला नाही तर वर्गात लगेच उघडं पडतं. याच्या उलट करा. निकालाचा सारांश एखाद्या दिवशी चालून जातो. प्रयोगवही मात्र त्याच दिवशी, शाईनं, खाडाखोड दिसेल अशी लिहा. पेटंटाच्या वादात हीच वही कोणी, कधी, काय केलं याचा पुरावा ठरते.

विषय निवडताना विश्लेषणात्मक रसायनशास्त्राला सर्वात वर ठेवा. एचपीएलसी, मास स्पेक्ट्रोमेट्री, एनएमआर, पावडर क्ष-किरण विवर्तन यांची यंत्रं स्वतः चालवा. संख्याशास्त्राचा एक तरी गंभीर अभ्यासक्रम घ्या. त्रिमितीय रचनारसायन कंटाळा न करता पक्कं करा. कायद्याच्या बाजूनं पुराव्याचा कायदा, करार आणि प्रशासकीय कायदा मनापासून शिका. बौद्धिक संपदा पदवीत थोडी शिकली तरी चालते, ती कामावर पक्की होते. पुराव्याच्या कायद्याला मी फार महत्त्व देतो, कारण दोन शास्त्रांमधला खरा फरक तिथे समजतो. रसायनशास्त्रात आजचा निष्कर्ष उद्या नव्या प्रयोगानं बदलता येतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. न्यायालयाला आज, हाती असलेल्या पुराव्यावर, निर्णय द्यावाच लागतो. सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे यावर तो पुष्कळदा ठरतो, आणि नंतर सहसा उघडत नाही. उलटतपासणीत 'शक्यता आहे का?' असं विचारल्यावर प्रामाणिक शास्त्रज्ञ 'आहे' म्हणतो आणि खटला तिथे कलतो. हा क्षण कसा हाताळायचा, हे दोन्ही बाजू शिकलेल्यालाच नीट कळतं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून काही जणांचा निर्णयच बदलतो. पेटंटाचं काम करायला कायद्याची पदवी लागतेच असं नाही. भारतात विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट एजंटची परीक्षा पुरते. अमेरिकेतही विज्ञानाचा पदवीधर परीक्षा देऊन पेटंट एजंट होतो. युरोपीय पेटंट वकील होण्याच्या परीक्षेसाठी विज्ञानाची पदवी आणि साधारण तीन वर्षांचा सराव मागतात, कायद्याची पदवी मागत नाहीत. म्हणजे तुमचं मन मसुदे लिहिण्यात, संशोधकांशी बोलण्यात रमणार असेल, तर कायद्याची तीन वर्षं पीएचडीला दिलेली बरी. न्यायालयात उभं राहायचं असेल, फौजदारी पुरावा, पर्यावरणाचे दावे किंवा नियमनाचे वाद लढवायचे असतील, तर कायद्याची पदवी हवीच.

'ना धड इकडचा' या शंकेचं उत्तर मी असं देईन. दोन्ही पदव्या वरवर घेतल्या तर ती शंका खरी ठरते. एका विषयात मुळापर्यंत गेलेला आणि दुसऱ्यात सक्षम, असा माणूस लागतो. तो मुळापर्यंतचा विषय रसायनशास्त्र असावा असं माझं ठाम मत आहे.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एक करून पाहा. नोव्हार्टिसचा निकाल आणि त्याच औषधाच्या स्फटिकरूपाचं पेटंट, दोन्ही शोधून काढा, ते मोफत वाचायला मिळतात. पेटंटातली क्ष-किरण विवर्तनाची आकृती (स्फटिकाची ओळख पटवणारा शिखरांचा आलेख) आणि निकालातले कलमावरचे परिच्छेद, सलग बसून वाचा. सगळं कळणार नाही, त्याची चिंता नको. पण आकृतीपाशी थांबून शिखरं मोजावीशी वाटली आणि परिच्छेदापाशी थांबून प्रतिवाद लिहावासा वाटला, तर दोन्ही शिका. फक्त आकृतीनं खिळवलं तर रसायनशास्त्र घ्या आणि पेटंट एजंटची परीक्षा लक्षात ठेवा. फक्त प्रतिवाद सुचला तर कायदा घ्या, आणि गरज पडेल तेव्हा तज्ज्ञ साक्षीदाराला विचारायचे प्रश्न एखाद्या रसायनतज्ज्ञाबरोबर बसून तयार करा.